ओला कचरा, सुका कचरा आणि अंगणातला पालापाचोळा : सोलापुरातील घरांसाठी मार्गदर्शिका

माघ सरत आला की सोलापुरातल्या कडुनिंबांची पानगळ सुरू होते आणि सकाळी झाडून लख्ख केलेले अंगण दुपारच्या चहापर्यंत पुन्हा पिवळे होते. तो पाला कोपऱ्यात लोटून त्याला काडी लावायची, स्वयंपाकघरातला सगळा कचरा एकाच बादलीत भरून सकाळी घंटागाडीत रिकामा करायचा आणि रद्दी तेवढी भंगारवाल्यासाठी माळ्यावर टाकायची, अशी आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. या वहिवाटीतली चूक अशी की ज्या दोन गोष्टी एकत्र यायला हव्यात, म्हणजे ओला कचरा आणि वाळलेला पाला, त्या आपण एकमेकींपासून तोडतो. आणि ज्या कधीही एकत्र येऊ नयेत, म्हणजे ओला कचरा आणि कागद-प्लास्टिक, त्या एकाच बादलीत कोंबतो. एवढी एक गोष्ट उलटी केली तर घंटागाडीत टाकायला फारच थोडे उरते. ती कशी करायची, हे पुढे सांगितले आहे.

बादल्या कोठे ठेवाव्यात

कचरा वेगळा करणे हे काम टाकण्याच्या क्षणी होते, नंतर होत नाही. मिसळलेली बादली संध्याकाळी पालथी करून निवडत बसण्याचा उत्साह कोणाच्याही घरी आठ दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून आधी बादल्यांच्या जागा ठरवाव्यात. ओल्या कचऱ्याची झाकणाची लहान बादली ओट्याजवळ, हात पोहोचेल इतक्या अंतरावर ठेवावी. सुक्या कचऱ्यासाठी मोठे पोते लागते, कारण तो वजनाने हलका पण आकाराने फुगीर असतो. ते स्वयंपाकघराच्या दारामागे दोन खिळ्यांना तोंड उघडे राहील असे अडकवले की वेगळी जागा लागत नाही. तिसरा एक झाकणाचा डबा न्हाणीघराशेजारी सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी ठेवावा, आणि चौथा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, औषधे, बॅटऱ्या आणि दिवे यांच्यासाठी. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घरावर कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी टाकली होती. त्यांची जागा घेणाऱ्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे नेमके हेच चार प्रकार धरले आहेत. घंटागाडीच्या कप्प्यांसाठी हिरवा रंग ओल्याचा आणि निळा सुक्याचा, हा संकेत आता बहुतेकांच्या परिचयाचा आहे.

ओल्या बादलीत प्लास्टिकची पिशवी घालू नये. कचरा पिशवीत गाठ मारून दिला की तो आपल्यापुरता स्वच्छ दिसतो, परंतु पुढे कोणाला तरी ती गाठ हाताने फोडावी लागते, आणि बहुधा ती कोणी फोडत नाही. शहरातील कचरा तुळजापूर रस्त्याने भोगावकडे जातो; ओल्या कचऱ्यापासून वायू आणि त्यापासून वीज करण्याचा प्रकल्प तेथेच उभारला गेला आहे. अशा बंद टाक्यांत अन्न कुजवणारे जिवाणू पिशवीच्या आतल्या अन्नापर्यंत पोहोचत नाहीत, आणि पिशव्यांचे तुकडे यंत्रात अडकतात ते वेगळेच. बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचा दुमडलेला कागद घालावा आणि ओट्यावर एक जुनी रोळी ठेवावी. भाजीच्या साली, चहाचा चोथा आणि खरकटे आधी रोळीत निथळू द्यावे, मग बादलीत टाकावे. ओल्या कचऱ्याला येणारी दुर्गंधी मुख्यतः त्यात साचलेल्या पाण्यामुळे येते. पाणी निथळून गेले की उन्हाळ्यातही चोवीस तास बादली सुसह्य राहते.

ओल्यात काय जाते याबद्दल फारसा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो तीन-चार वस्तूंबाबत. चहाच्या पिशवीला असलेली पिन काढून टाकावी लागते. नारळाची करवंटी कुजायला फार काळ घेते, म्हणून ती बंबासाठी वेगळी काढावी. मटणाची हाडे आणि माशांचे काटे घरच्या खताच्या पिंपात टाकू नयेत, ते घंटागाडीच्या ओल्या कप्प्यात द्यावेत. नाहीतर गल्लीतली सगळी कुत्री आणि मांजरे रात्री पिंपाभोवती पंगत मांडतात. शिळ्या भाकरीचा उल्लेख कचऱ्याच्या लेखात करणे सोलापूरकराला पटणार नाही, कारण आपल्याकडे भाकरी कडक करून ठेवतात आणि ती महिनोन्महिने टिकते.

दुधाची पिशवी आणि इतर सुका कचरा

सुक्या कचऱ्याचा नियम एकच आहे : पोत्यात जाणारी वस्तू कोरडी हवी. आमटी सांडलेला पुठ्ठा कागदाच्या गिरणीला नको असतो, आणि तळाशी दही राहिलेला डबा दोन दिवसांत शेजारच्या सगळ्या रद्दीला वास लावतो. वस्तू चकचकीत धुण्याची मात्र गरज नाही, विशेषतः जेथे नळाला रोज पाणी येत नाही अशा आपल्या शहरात. भांडी विसळलेल्या पाण्यात एकदा बुचकळून काढली तरी पुरे.

दुधाच्या पिशवीचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण ती रोज घरात येते. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये, एका कडेने जोडलेलाच ठेवावा. तो नखाएवढा तिकोनी तुकडा एकदा सुटला की तो मोरीत, गटारात किंवा ओल्या बादलीत जातो आणि तेथून कोणीही वेचून काढत नाही. दूध ओतून झाल्यावर पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून ती हलवावी आणि ते पांढरट पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतावे. मग पिशवी एका कडेने पूर्ण कापून उघडावी आणि ओट्यामागच्या फरशीवर ओली असतानाच चिकटवावी; सोलापूरच्या कोरड्या हवेत ती तासाभरात वाळून आपोआप खाली पडते. अशा पिशव्या एकीवर एक रचून ठेवल्या तर महिन्याभराची थप्पी वहीपेक्षा जाड होत नाही. तेलाच्या पिशव्यांना थोडे जास्त कष्ट पडतात : ती डब्यावर रात्रभर उलटी टांगून निथळू द्यावी आणि आतून थोडे बेसन किंवा पीठ चोळून पुसून घ्यावी. ते पीठ भाकरीच्या पिठात मळता येते, वाया जात नाही.

रद्दी, पुठ्ठा, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, पाण्याच्या बाटल्या आणि कडक प्लास्टिक भंगारवाला घेतो. पुठ्ठ्याची खोकी चिकटपट्टी काढून सपाट करून ठेवली तर पोत्यात तिप्पट माल मावतो. वेफर्स आणि बिस्किटांची आतून चंदेरी असलेली पुडी, थर्माकोल, फुटकी काच आणि औषधांच्या रिकाम्या पट्ट्या त्याला नको असतात. त्या घंटागाडीच्या सुक्या कप्प्यात जातात. फुटकी काच कागदाच्या तीन-चार थरांत गुंडाळून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून, गाडीवरच्या माणसाच्या हातात द्यावी. ती पोत्यात टाकून देऊ नये, कारण पोते तो उघड्या हाताने दाबतो. हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे आणि थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, म्हणून या वस्तूंची विल्हेवाट कशी लावावी यावर येथे शब्द खर्च करीत नाही.

कापडाचा प्रश्न यंत्रमागाच्या गावात वेगळाच असतो. सुती चिंध्या, टॉवेलच्या कडा आणि सुताचे गुंते यांना गिऱ्हाईक असते, परंतु ते कोरडे आणि तेलाच्या डागांविना असतील तरच. सुती कापड कुजते, सुतात पॉलिस्टर मिसळलेले असेल तर कुजत नाही; खात्री करायची असेल तर एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवावा. सुताची राख भुरभुरीत होते, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. विरलेली सोलापुरी चादर मात्र फेकू नये. तिचा उपयोग पुढे खताच्या पिंपावर येणार आहे.

पूर्व भागात आणि विडी घरकुलासारख्या वसाहतींत घरोघरी विड्या वळल्या जातात, त्यामुळे तेंदूपत्त्याची कात्रणे हा तेथील नेहमीचा कचरा आहे. ही कात्रणे म्हणजे उत्तम सुका पाला. ती चिवट असतात, म्हणून टाकण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावीत. तंबाखूची भुकटी मात्र त्यांत येऊ देऊ नये. तंबाखूतून पानांवर ठिपके पाडणारा मोझॅक विषाणू पसरू शकतो, आणि टोमॅटो, मिरची व वांगी ही तंबाखूच्याच कुळातली असल्याने त्यांना त्याची लागण होते. भुकटी कागदात घट्ट बांधून मुलांपासून दूर ठेवावी आणि गाडीत वेगळी द्यावी.

धोक्याच्या वस्तू

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, पुडीवर लाल पेनाने ठळक खूण करून द्यावेत. ती खूण पाहिली की गाडीवरचा माणूस पुडी उघडत नाही. मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी इन्सुलिनच्या सुया असतात. त्या जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवाव्यात आणि बाटली भरल्यावर झाकणावर चिकटपट्टी लावून द्याव्यात. ट्यूबलाइट आणि सीएफएल यांत पारा असतो, म्हणून त्या फोडू नयेत. नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोळीत जुनी ट्यूब घालून ठेवावी. मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्यांबाबत अधिक सावध राहावे लागते. त्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात, आणि आसपास कोरडा पुठ्ठा असेल तर आग आवरत नाही. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती दुरुस्तीच्या दुकानात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यावी. मुदत संपलेली औषधे मोरीत ओतू नयेत.

अंगणातला पाला

आता मुख्य विषय. पाल्याला कचरा म्हणणे मला कधीच पटलेले नाही, परंतु ज्याच्या दारात दोन कडुनिंब आणि एक गुलमोहर आहे त्याला मार्चमध्ये त्याचे काय करावे हा प्रश्न पडतोच. नियमांप्रमाणे बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा असतो आणि पालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यायचा असतो. तो रस्त्यावर, गटारात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकता येत नाही. रोजची घंटागाडी घरातल्या कचऱ्यासाठी असते, फांद्यांसाठी नसते. आमच्या गल्लीत येणाऱ्या गाडीवरचा मुलगा एकदा मला म्हणाला, “अक्का, पाला सुटा देऊ नका. वारं लागलं की सगळा मागं रस्त्यावर येतो, अन् लोक आम्हाला बोलतात.” तेव्हापासून द्यायचा असेल तेवढा पाला मी पोत्यात दाबून, तोंड सुतळीने शिवून देते. फांद्या असतील तर त्या हातभर लांबीच्या तोडून मोळी बांधावी आणि मोठा ढीग असेल तर आपल्या झोन कार्यालयाला आधी कळवून उचलण्याचा दिवस ठरवून घ्यावा. ढीग आधी रस्त्यावर आणि फोन नंतर, असे करू नये. दोन दिवसांत त्या ढिगावर सगळी गल्ली आपापला कचरा आणून टाकते.

पाला जाळण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली आहे. ‘पाला म्हणजे कचरा नव्हे’ हा युक्तिवाद तेथे चालत नाही. दंडाचे सोडा, अर्धवट ओला पाला जळत नाही, धुमसतो, आणि तो धूर थंडीतल्या सकाळी जमिनीलगत पसरून दमेकऱ्याच्या खिडकीतून आत जातो. आमच्या शेजारी एका घरी अनेक वर्षे पहाटे ढीग पेटत असे. भांडून काही झाले नाही; शेवटी मीच त्यांचा पाला मागून आणू लागले, तेव्हा तो पेटायचा थांबला. वाळलेली जाड लाकडे आणि करवंट्या पाणी तापवण्याच्या बंबात घालणे ही वेगळी गोष्ट आहे, परंतु त्या बंबात दुधाची पिशवी पेटवण ‌म्हणून घालण्याची सवय मात्र मोडायलाच हवी.

फांद्या तोडण्यापूर्वी एक कायदा ठाऊक असावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरातील झाड तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, मग ते झाड आपल्या स्वतःच्या आवारात का असेना; आणि झाडाला इजा होईल अशी छाटणीही ‘तोडणे’ या व्याख्येत येऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून अधिक संरक्षण दिले आहे. वीजवाहिनीला लागणारी फांदी असेल तर वीज कंपनीला कळवावे, स्वतः कोयता घेऊन चढू नये.

सगळा पाला सारखा नसतो. कडुनिंबाची पाने बारीक असल्याने लवकर कुजतात; ती कडू असतात म्हणून खत होणार नाही, हा समज चुकीचा आहे. आंबा, वड आणि उंच वाढणारा अशोक यांची पाने जाड आणि मेणचट असतात, ती पायाखाली चुरडून किंवा कडबाकुट्टीतून बारीक करून घ्यावी लागतात. गुलमोहराच्या शेंगा वर्षभर तशाच राहतात. त्या मोळीत बांधाव्यात. गाजरगवत फुलण्याआधी उपटले तर खतात चालते, फुलल्यावर नाही, कारण एकेका झाडाला हजारो बिया धरतात; उपटताना हातमोजे घालावेत, अनेकांच्या कातडीला त्याची ॲलर्जी असते. हरळीच्या मुळ्या आधी फरशीवर आठ दिवस कडक उन्हात वाळवाव्यात. न वाळवता टाकलेली हरळी खताच्या पिंपातूनच पुन्हा उगवते, हे मी अनुभवाने सांगते.

पिंप कसे भरावे

चार माणसांच्या घरातला रोजचा ओला कचरा किलोभराच्या आसपास असतो. त्यासाठी २०० लिटरचे एक प्लास्टिकचे पिंप पुरते, दोन असतील तर एक भरत असताना दुसरे मुरत राहते. पिंप पूर्वी कशासाठी वापरले होते याची चौकशी करून घ्यावी. रसायनाचे पिंप घेऊ नये. पिंपाच्या अंगाला वीत-वीत अंतरावर बोटभर जाडीची भोके पाडावीत, तळालाही आठ-दहा पाडावीत, आणि ते चार विटांवर, सावलीत, घराच्या भिंतीपासून दोन हात दूर ठेवावे. भिंतीला टेकवून ठेवले तर वाळवीला आयता पूल मिळतो.

तळाशी वीतभर जाडीचा काटक्यांचा आणि नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा, म्हणजे हवा खालून खेळते. त्यावर चार बोटे वाळलेला पाला, त्यावर एक घमेले शेणखत किंवा कोणाकडून आणलेले तयार खत. शेणखत मिळाले नाही तर तांब्याभर आंबट ताकात मूठभर गूळ विरघळवून शिंपडावा. त्यानंतर रोजचा क्रम असा : एक भांडे ओला कचरा टाकला की त्याच भांड्याने दोन भांडी सुका पाला टाकायचा आणि ओला कचरा वरून दिसणार नाही इतका झाकायचा. हे दोनास एक प्रमाण आकारमानाचे आहे, वजनाचे नाही. ओल्या कचऱ्यात नत्र भरपूर असते, वाळलेल्या पाल्यात कर्ब. जिवाणूंना एका भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब लागतो, आणि तो तोल वरच्या मापाने बऱ्यापैकी साधतो. नुसता ओला कचरा भरला की तो सडतो, नुसता पाला भरला की तो वर्षभर तसाच पडून राहतो. पाला संपला तर शेंगांची टरफले, रसवंतीवरची वाळलेली चिपाडे, कडब्याची कुट्टी किंवा भिजवलेली तेंदूची कात्रणे चालतात. शेंगाचटणीसाठी शेंगा फोडणाऱ्या घरांत टरफलांना तोटा नसतो. मार्चमधला पाला पोत्यांत भरून गच्चीच्या जिन्याखाली ठेवला तर तो पुढच्या पानगळीपर्यंत पुरतो. आमच्याकडे सहा पोती लागतात.

सोलापुरात हे काम बिघडते ते बहुधा पाण्यावाचून. पहिल्या वर्षी मी पुस्तकी माहितीवर पिंप भरले आणि मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर, उघडून पाहिले तर आत विटेसारखा कडक गोळा आणि त्यावर लाल मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की समजावे, आतला माल कोरडा पडला आहे. त्यासाठी पिण्याचे पाणी खर्चायचे कारण नाही. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत साठवून तेच शिंपडावे. साबणाचे पाणी घालू नये. वर विरलेली सोलापुरी चादर चौपदरी करून, भिजवून, पिळून झाकावी. ती ओल धरून ठेवते आणि चिलटांनाही आत येऊ देत नाही.

ओल किती असावी, हे हाताने ओळखता येते. आतला मूठभर माल घेऊन घट्ट पिळावा. बोटांतून पाण्याच्या धारा लागल्या तर ओल जास्त आहे. मूठ उघडल्यावर माल भुरभुरत सुटला तर ओल कमी आहे. पिळल्यावर एक-दोनच थेंब आले आणि मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहून बोट लावताच फुटला, तर सगळे ठीक आहे. ही परीक्षा आठवड्यातून एकदा, माल खालीवर करताना करावी. खालीवर करण्यासाठी लोखंडी सळई पुरते, परंतु ती कोपऱ्यांपर्यंत फिरवावी. भरल्या पिंपाचा मध्य आठवड्यात चांगलाच तापतो, मोठ्या ढिगात तर ५५ ते ६० अंशांपर्यंत. वाफ दिसली म्हणून घाबरून पाणी ओतू नये.

कुजल्याचा आंबूस वास आला तर ओल जास्त आणि पाला कमी, एवढाच त्याचा अर्थ असतो; दोन घमेली पाला मिसळून माल हलवावा, वास दोन दिवसांत जातो. पांढऱ्या किंवा तपकिरी अळ्या दिसल्या तर बायका किंचाळतात आणि पुरुष पिंप फेकायला निघतात, परंतु त्या अळ्या कचराच खात असतात आणि पाल्याचा थर वाढवला की कमी होतात. पावसाळ्यात पिंपावर पत्रा किंवा झाकण तिरपे ठेवावे. उंदीर आणि घुशी येत असतील तर बहुधा कोणीतरी वरण-भात न झाकता टाकलेला असतो.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी नुसत्या पाल्यासाठी वेगळी सोय करावी : तीन-साडेतीन फूट व्यासाची, कमरेइतकी उंच कोंबडीच्या जाळीची गोल कणगी उभी करून तिच्यात पाला दाबून भरावा, प्रत्येक हातभर थरावर शेणकाला शिंपडावा आणि पंधरवड्यातून एकदा भिजवावा. हा पाला सहा ते नऊ महिन्यांनी काळा, भुसभुशीत होतो आणि ढीग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तळाला भोके पाडलेल्या दोन मोठ्या कुंड्या एकीवर एक ठेवून हेच लहान प्रमाणात करावे. पाला त्यांनी तळमजल्याच्या झाडाखालून आणावा, कोणी नाही म्हणत नाही. रोज १०० किलोंहून अधिक कचरा होणाऱ्या मोठ्या सोसायट्या, मंगल कार्यालये आणि हॉटेले यांना नियमांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट शक्यतो आपल्याच आवारात लावायला सांगितले आहे, त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडताना तो नियम हाताशी ठेवावा.

निर्माल्याचेही येथेच सांगते तसे करावे : हार सोडवून दोरा, सुई, जरी आणि प्लास्टिकची फुले काढावीत आणि फुले-पत्री पिंपात घालावी. गणपतीत आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी झेंडूचे ढीग होतात. ते सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडले तर पाण्यातला प्राणवायू खाऊन कुजतात; पिंपात महिन्याभरात दिसेनासे होतात.

जुन्या गाद्या, कपाटे आणि बांधकामाचा राडारोडा या तिन्ही गोष्टी घंटागाडीत चालत नाहीत. त्यांच्यासाठी झोन कार्यालयाकडे स्वतंत्र मागणी करावी लागते, आणि राडारोडा तर मुळात वेगळ्या नियमांखाली येतो. गाडी सतत चुकत असेल, किंवा आपण वेगळा दिलेला कचरा गाडीत एकत्र केला जात असेल, तर गाडीवरच्या माणसाशी वाद न घालता आपल्या भागाच्या आरोग्य निरीक्षकांकडे, किंवा केंद्र सरकारच्या ‘स्वच्छता’ ॲपवर छायाचित्रासह, तारीख आणि वेळ देऊन तक्रार करावी.

पिंप भरल्यापासून साधारण ७० ते ९० दिवसांत खत तयार होते. तयार खत काळपट-तपकिरी असते, हाताला गरम लागत नाही आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. ते गोणपाटावर दोन दिवस सावलीत पसरून ठेवावे आणि वाळूच्या चाळणीने चाळावे. चाळलेले खत कुंडीत मातीच्या चौथ्या हिश्श्याइतके मिसळावे. मोठ्या झाडांना ते मृगाच्या तोंडावर, बुंध्यापासून हातभर दूर, आळ्यात घालून मातीने झाकावे. चाळणीत वर राहिलेल्या काटक्या, आंब्याच्या कोया आणि न कुजलेली पाने फेकायची नाहीत. दुसऱ्या पिंपाच्या तळाशी वीतभर थर द्यायचा असतो, तो त्यांचाच द्यावा. त्यांच्यावर जिवाणू आधीच बसलेले असल्याने पुढच्या वेळी शेणखत शोधत हिंडावे लागत नाही.